सहाव्या मजल्यावरचा नारा

सहाव्या मजल्यावर पोचेपर्यंत उस्ताज वदीअ, म्हणजे वदीअ मास्तर, यांचा राग नेहमी विझलेला असायचा, कारण रागवायलाही दम लागतो. त्या दिवशी मात्र त्यांनी पाण्याचा कॅन दारात आपटला, जिन्याकडे हात उगारला आणि ओरडले, "खुर्ची सोडा, जिना धरा!"

"कुणाला म्हणतोयस?" आतून त्यांच्या बायकोचा, मुनीराचा आवाज आला.

"आणि कुणाला? अबू शादीला! बिल्डिंगचा अध्यक्ष म्हणे! लिफ्ट बंद, आणि हा तळमजल्यावर खुर्चीत बसून हुक्का ओढतोय. मला म्हणतो, 'उस्ताज, जिना तब्येतीला चांगला.' स्वतः कधी एक पायरी चढलाय?"

मुनीरा खो खो हसली. ती हसल्यामुळे वदीअ यांना बरं वाटलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. लिफ्ट सुरू झाली की समुद्रावर फिरायला जायचं, एवढं एकच ती घोकत बसली होती. तोवर तिचं बैरुत म्हणजे ती बाल्कनी आणि दोरीनं खाली सोडायची पावाची टोपली.

"पण हे कुणाला सांगू नकोस हं," वदीअ एकदम आवाज खाली आणून म्हणाले. त्यांची भीती खरी होती. जनरेटर अबू शादीचा. सरकारी वीज दिवसातून जेमतेम तोंड दाखवून जायची, बाकी सगळी बिल्डिंग त्याच्या वायरीवर जगायची. त्याच्याशी वाकडं घेतलं की आधी पंखा बंद, मग फ्रीज.

"मी कशाला सांगू?" मुनीरा म्हणाली.

आणि खरंच तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना समोरच्या बाल्कनीतल्या उम्म नबीलला तिनं ते नुसतं म्हणून दाखवलं, हात उगारून, वदीअच्या आवाजात. उम्म नबीलची मुलगी रीम शेजारीच केस वाळवत बसली होती. ही रीम रोज चौकातल्या सरकारविरोधी निदर्शनांत कर्ण्यावरून नारे द्यायची आणि जुने नारे देऊन देऊन कंटाळली होती.

संध्याकाळी टीव्ही लावला आणि वदीअ यांच्या हातातला कप कलंडला. चौकात माणसांचा समुद्र उसळला होता, आणि तो सगळा एका सुरात ओरडत होता, "खुर्ची सोडा, जिना धरा!"

"मुनीरा!"

"अरे, ते मंत्र्यांना म्हणतायत. तू कशाला घाबरतोस?"

"मंत्र्यांना कोण घाबरतंय? मंत्री माझी वीज तोडणार आहे का? ती त्यानं कधीच तोडलीये! मी अबू शादीला घाबरतो!"

आठवड्याभरात टॅक्सीवाले हॉर्नवर त्याच नाऱ्याची चाल वाजवू लागले. मग एका मंत्र्यानं खरोखरच राजीनामा दिला. आयुष्यभर मुलांना नद्यांची नावं पाठ करायला लावणाऱ्या वदीअ यांचं वाक्य पहिल्यांदाच कुणी मनावर घेतलं होतं, आणि त्या धक्क्यानं त्यांना धड जेवणही गेलं नाही. त्यात रीमनं टीव्हीवर उत्साहानं सांगून टाकलं की हा नारा आमच्या बिल्डिंगमध्ये जन्मला.

दुसऱ्या दिवशी दारावर थाप पडली. दारात साक्षात अबू शादी! घामानं निथळत, चौकटीला धरून उभा. तो जिना चढून आला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"उस्ताज," तो धापा टाकत म्हणाला, "तो नारा... आपल्या बिल्डिंगमधला... कुणाचा?"

वदीअ यांची नजर डोक्यावरच्या पंख्याकडे गेली. "मला काय माहीत?" ते चाचरत म्हणाले. "तुम्हीच केला असेल!"

अबू शादीनं क्षणभर विचार केला. "असेल, असेल," तो म्हणाला. "मी बोलताना बरंच काही बोलून जातो."

आणि तो पुढच्या तयारीलाच लागला. टीव्हीवाल्यांना नाऱ्याच्या जनकाची मुलाखत हवी होती आणि चौक दिसायचा तो फक्त वदीअ यांच्या बाल्कनीतून.

"पण कॅमेरे घेऊन ती माणसं जिना चढणार कशी?" वदीअ यांनी विचारलं.

"छे! पाहुण्यांना कुठे चढायला लावायचं? लिफ्ट करू चालू!"

कारागीर आला आणि लिफ्ट लगेच सुरू झाली. "एवढ्यात दुरुस्त?" वदीअ यांनी चकित होऊन विचारलं.

"दुरुस्त काय करायचंय? मशीन ठणठणीत आहे. जनरेटरवरून हिला येणारी वायर काढून कुणीतरी खालच्या दुकानाला दिली होती." एवढं बोलून तो निघून गेला. वदीअ यांना मुनीराचं समुद्राचं घोकणं आठवलं आणि ते संतापले. तरी मुलाखतीसाठी बाल्कनीत खुर्च्या त्यांनीच मांडल्या.

मुलाखतीच्या दुपारी अबू शादी सूट घालून बाल्कनीत उभा राहिला. वदीअ बाजूच्या खुर्चीत अंग चोरून बसले होते.

"हा नारा सुचला कसा?" बातमीदार पोरीनं विचारलं.

"जिना चढताना," अबू शादी म्हणाला आणि खाली वाकून गरजला, "खुर्ची सोडा, जिना धरा!"

समोरच्या, खालच्या, वळणावरच्या सगळ्या बाल्कन्या भरलेल्या होत्या. तोवर मुनीरानं अख्ख्या गल्लीला ते म्हणून दाखवलं होतं. सगळे त्याच्याकडे बोट रोखून जीव खाऊन ओरडले, "खुर्ची सोडा, जिना धरा!"

अबू शादीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा," तो म्हणाला, "लोकांचं प्रेम!"

पोरीनं माईक वदीअ यांच्यापुढे धरला. "तुम्ही इथेच राहता. पहिल्यांदा ऐकलात तेव्हा काय वाटलं?"

आतला पंखा फिरण्याचा आवाज येत होता. वदीअ यांनी माईककडे तोंड नेलं. "फार छान वाटलं," ते म्हणाले, आणि स्वतःचीच त्यांना इतकी लाज वाटली की मान वर होईना.

तेवढ्यात खालून, थेट रस्त्यावरून, हाक आली. "वदीअ!"

ते दचकून कठड्यावरून वाकले. रस्त्यात मुनीरा उभी होती. ठेवणीतला कोट, हातात काठी. सगळे मुलाखतीत गुंतलेले असताना ती लिफ्टनं कधी खाली गेली, हे कुणालाच कळलं नव्हतं. तिनं काठी त्यांच्यावर रोखली.

"वदीअ! खुर्ची सोड, जिना धर!"

वदीअ यांनी कोट घेतला आणि ते दाराकडे निघाले.

"लिफ्ट चालू आहे, उस्ताज," अबू शादी म्हणाला.

"असू दे," वदीअ म्हणाले. माईक समोरच होता. "माझ्या नाऱ्यात लिफ्ट नाही."

ते चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा जिन्यातला दिवा गेला. त्याबरोबर घरातला पंखा गेला असणार, फ्रीज गेला असणार आणि लिफ्टही गेली असणार. वदीअ अंधारात एकटेच हसले आणि कठडा धरून उरलेल्या पायऱ्या उतरले. समुद्र तिथून फार लांब नव्हता. मुनीराला परत सहाव्या मजल्यावर कसं न्यायचं, हा विचार दोघांच्याही मनात आला तो थेट लाटा दिसल्यावर.