लठ्ठ अनाथाच्या पदच्युतीची हकीकत

प्रथम गाऱ्हाणे, मागाहून हकीकत. अखंडितउदरलक्ष्मीअलंकृत, नाट्यधुरंधर, सोनेरी तारली कॉन्सर्ट पार्टीचे सर्वाधिकारी राजमान्य राजश्री एबो बेंत्सिल, वस्ती बंदर अपाम, आमचे पाठचे सख्खे बंधू, यांची चाल ऐशी की, खेळ संपला की घामेजल्या तोंडाने दारोदार स्वारी काढावी आणि म्हणावे, 'खरं सांगा, कसा झालो? अगदी खरं!' आणि मग कोणी खरे सांगितले की खफा व्हावे. शिंपी इकाव ओटू याणे एके समयी हात जोडून, 'मास्टर, दुसरा अंक जरा लांबतो,' इतुकाच अर्ज केला, तो बिचारा सबंध तारलीचा हंगाम नाटकाबाहेर राहिला आणि रस्त्यात त्याचा रामराम कोणी घेईना. आरसा मागावा, आणि आरशाने देखणे दाखविले नाही तर आरसाच फोडावा, ऐसा हा माणूस. तेव्हांपासून अवघे बंदर शहाणे जाहले, आणि 'वा मास्टर, वा!' याखेरीज शब्द बोलेना. हे आमचे गाऱ्हाणे. लिहिणार घराण्यातली वडील बहीण अराबा. ज्यास पटत नसेल त्याणे आमचे अंगणात येवोन तोंडावर सांगावे.

आता हकीकत. सोनेरी तारली मंडळीचा मुख्य खेळ म्हणजे अनाथ क्वेसीचा. त्यात सावत्र आई क्वेसीस उपाशी ठेविते, आणि क्वेसी दुसरे अंकी भुईवर बसोन भुकेने रडतो, आणि मग प्रेक्षकांनी उठावे, आणि कोणी केंकी म्हणजे आंबवल्या मक्याचा उंडा, कोणी तळला मासा, कोणी अंडे ऐसे घेवोन मंचावर चढावे आणि अनाथाचे ताटात वाढावे, आणि जाता जाता सावत्र आईवर केळ्याची साल फेकावी, ही रीत आमचे आजीचे अमदानीपासून चालत आली. टाळ्या शहरगावचे लोक वाजवितात. आम्ही ताट वाढितों. ताट भरले तर खेळ फत्ते. ताट रिते तर शिकस्त. यात मध्यम काही नाही.

सावत्र आई करावयाची ती इकाव शिंप्याने, कारण बायकी सोंग पुरुषाने घ्यावे हीही जुनी रीत. आणि अनाथ करावयाचा तो खासा एबो मास्टराने. एबो तरणाताठा, काडीसारखा होता तेव्हां लोकांनी इतुके वाढिले की मंडळी उद्याचे न्याहारीस पुरवून खाई. परंतु काळ पुढे गेला आणि पोट त्याहून पुढे गेले. साठीला टेकलेला अनाथ, गळ्यास तीन वळ्या, ढेकर आवरून म्हणतो, 'आई गं, तीन दिवस अन्न नाही!' गेले साली अक्वांबोच्या, म्हणजे गावच्या वाटा साफ करण्याच्या, सणास चौकात हा प्रसंग जाहला, आणि कोणी उठेना, आणि ताट रितेच राहिले, आणि मासेवाली आबा एसेल मागल्या बाकावरून ओरडली, 'अगं बाई, ह्यानं तर सावत्र आईच खाल्लेली दिसते!' आणि चौक हसून लोळला. मास्टर काय समजले? की लोक दुःखाने इतुके हवालदिल जाहले की वाढावयाचे भान राहिले नाही!

ही बातमी गावचे राजे नाना यांचे कानी गेली. त्याच समयी शेजारचे सिंबा शहराहून एक कर्णेवाला माडाएवढ्या पेट्या घेवोन आला होता; त्याचा अर्ज की सणाचा चौक आम्हांस द्यावा, एक गाणे लाविले की तीन गावे नाचतील. तेव्हां नानांचे फर्मान सुटले की, यंदाचे अक्वांबोस अनाथाचे ताट रिते राहिले तर पुढील सालापासोन चौक पेट्यांचा. झाले! तीन पिढ्यांचा चौक, आणि तो एका पोटापायी जाणार!

मसलत बसली. मास्टरास थेट सांगावे तर वडील माणसाची बेअदबी होते, आणि शिंप्याचे उदाहरण ताजे होते. सबब आडून हल्ला करावा ऐसे ठरले.

पहिली मोहीम कापडाची. आमचे मुलुखी बाईमाणूस तोंडाने बोलत नाही ते अंगावरचे छापील कापड बोलते, आणि प्रत्येक कापडास नाव असते. बाजारातील बायकांनी 'भरल्या पोटाला शेजारी दिसत नाही' या नावाचे पिवळे कापड घेतले, आणि एकजात तेच नेसोन, पिवळीधमक फौज होवोन, तालमीत समोर बसल्या. मास्टर पाहतच राहिले. मग बहुत खुशवख्त होवोन म्हणाले, 'काय सुंदर कापड! कुठं मिळालं?' आणि दुसरे दिवशी त्याच कापडाचा सदरा शिवून अनाथाचे अंगावर चढविला. मोहीम बुडाली, वर चार वार कापड गनिमास मिळाले.

दुसरी मोहीम टोमण्याची. ज्यास बोलावयाचे त्यास न बोलता, त्याचे देखत भलत्यासच बोलावे, हे शस्त्र आमचेकडे लेकी दुधाबरोबर शिकतात. मास्टर अंगणात जेवावयास आले असता आम्ही आमचे बोकडाकडे तोंड करून म्हटले, 'काय रे ए ढोल्या! मान बघ, पोट बघ, आणि वर बँ बँ करून लोकांना सांगतोस मी उपाशी? लाज नाही वाटत?' मास्टर घास थांबवून म्हणाले, 'ताई, मुक्या जनावराला का गं बोलतेस?' आणि कसावा कंदाची साले उचलून बोकडास घातली. बोकड तेवढा लाभात राहिला.

तिसरी मोहीम वकिलातीची. फिफी एगिर हे नानांचे दरबारचे बोलके वकील. सोन्याचे मुठीची काठी हाती, आणि चाकरी ऐशी की राजाचे तोंडचा कडू शब्द आपले तोंडात घेवोन, मध लावून बाहेर काढावा. त्यांस आम्ही स्वच्छ निरोप दिला की, मास्टरांस म्हणावे, पोटामुळे अनाथ कोणास पटत नाही, भूमिका सोडा. वकील काठी आपटीत गेले, आणि बाप-आजाचे सवयीने निरोप ऐसा पोहोचविला: 'मास्टर, गाव म्हणतं, तुमच्या अनाथाला आता कोणाच्या घासाची गरजच उरली नाही. आणि एवढं मोठं काम तुम्ही एकट्यानं किती वर्षं ओढायचं, याची लोकांना काळजी लागलीय.' मास्टरांचे डोळे भरून आले. म्हणाले, 'गावाला सांगा, एबो अजून थकला नाही!' आणि वकिलास जिनचा प्याला दिला, आणि अनाथाचे भूमिकेत एक गाणे वाढविले. आम्ही वकिलास विचारिले तर म्हणतात, 'आंटी, मी अवाक्षर गाळलं नाही. फक्त सालं काढली.'

आता तोफखाना आमचाच उरला. लोक म्हणतील, ही बाई एवढी जिभेची, मग आधीच का नाही बोलली? तर त्याचे कारण लिहितो. एबोची बायको निवर्तल्यापासोन तो एकाच चुलीवर जेवतो, ती आमची. त्याचे तोंडावर खरे बोलावे आणि तो रुसला, तर म्हातारपणी जेवेल कोठे? चौक गेला तर गावाचा जाईल. ताटावरचा भाऊ गेला तर आमचा जाईल. या विचाराने आम्ही हटत होतो. परंतु अक्वांबो तोंडावर आला, कर्णेवाला पेट्या उतरवावयास जागा मोजू लागला, आणि मग आम्ही त्या सांजेस उकडल्या कसाव्याचे फुफूचे गोळे कुटले, पामफळाचा रस्सा केला, त्याचे पुढे वाढिले आणि तोफ डागिली.

'एबो, तू अनाथ करू नकोस.'

'का?'

'तू उपाशी वाटत नाहीस. मेल्यावरसुद्धा वाटणार नाहीस.'

'ताई, अभिनय म्हणून काही असतं!'

'अभिनय छातीपर्यंत येतो. त्याखाली पोट आपलं आपण बोलतं.'

'गावात मला असं कोणी म्हणालेलं नाही.'

'गाव तुला भितं. मी तुझं नाक पुसलंय, मी काय भिणार?'

मास्टरांनी बोटे वाटीत तैशीच ठेविली. मग उलट तोफ सुटली.

'आणि हे पोट कोणाच्या फुफूचं? मी पुरे म्हटलं की आणखी एक गोळा कोण टाकतं? आणि पहिल्या बाकावर बसून, कापडाचं टोक डोळ्याला लावून, दर वर्षी हुंदके कोण देतं? मला वाटायचं, ताई रडतेय म्हणजे जमलं!'

'चुलीचा धूर जातो डोळ्यात.'

'चौकात कुठली गं चूल?'

या माऱ्यापुढे आमचा बुरूज ढासळला, आणि आम्ही रश्श्यात मीठ बघावयाचे निमित्त करून पाठ फिरविली. वळून पाहतो तो एबो उठोन गेला होता. बाप गेला तेव्हां, बायको गेली तेव्हांही जो ताट टाकून उठला नव्हता, तो अर्धा गोळा टाकून गेला.

मग बहुत वाईट दिवस आले. आम्ही दोघांचे कुटीत होतो आणि एकट्याने खात होतो, आणि उरले ते बोकडास घालीत होतो, आणि बोकड मातून कुंपण मोडीत होता. एबो दाराशी फिरकेना. बाजारात कोणी म्हणे तो सुकी केंकी खातो, कोणी म्हणे तेही खात नाही. आबा एसेल म्हणाली, 'आंटी, आणखी थोडे दिवस तसाच राहू दे, मग अनाथ शोभेल.' तिला आम्ही जे बोललो ते बखरीत लिहिण्याजोगे नाही.

आणि मग एके प्रातःकाळी अंगणात आवाज आला. पाहतो तो मास्टर, आमचेकडे पाठ करून, बोकडासमोर कमरेवर हात ठेवून उभे, आणि मोठ्याने म्हणताहेत, 'अरे बोकडा, तुझ्या मालकिणीला सांग. सावत्र आई मी करतो. अनाथ त्या शिंप्याला दे, सुईसारखा आहेच. आणि हेही सांग, की माझा गोळा लहान करायचा नाही.' आम्ही खिडकीतून बोकडासच हुकूम दिला की, 'म्हणावं, हात धुऊन ये, निवतंय.' परंतु स्वारी वळली नाही. बोकडामार्फत जबाब आला की, खेळ होईतों या घरचे अन्न नाही. तह अर्धाच जाहला.

तालमी सुरू जाहल्या, आणि तेथे जे घडले ते किल्ला घेण्याहून कठीण. मास्टर लुगडे गुंडाळून, डोईस रुमाल बांधून सावत्र आई जाहले, आणि पहिल्या क्षणापासोन क्वेसीवर ओरडू लागले. इकाव शिंपी भुईवर अनाथ होवोन बसला होता. तो मान खाली घालोनच बोलिला, 'मास्टर, तुम्ही फार लवकर ओरडता. दुष्ट बाई आधी शांतपणे जेवते. ओरडते मागाहून.'

वकील फिफी मध लावावयास पुढे सरसावले, त्यांस आम्ही काठीसकट मागे ओढिले. मास्टरांचे नाक फुगले, ओठ हलले, हाताची मूठ झाली. आणि ती मूठ हळूहळू सुटली. म्हणाले, 'हं. पुन्हा घेऊ.' सोनेरी तारली मंडळीचे तवारिखेत हे दोन शब्द पूर्वी कोणी ऐकिले नव्हते. मागे एक बाई रडली. धूर नव्हता.

मग रणदिवस उगवला. वाट साफ करून, झेंडे नाचवून, गाव बंदरचे जुने किल्ल्याखाली चौकात उतरले. नाना छत्राखाली बसले, कर्णेवाला पेट्यांस टेकून दात कोरीत उभा राहिला. दुसरा अंक लागला. इकाव, फाटक्या सदऱ्यात, गुडघे पोटाशी घेवोन बसला. आणि खासे एबो मास्टर, ढेरीवर लुगडे ताणून, डुलत आले, त्याचेसमोर पाट घेवोन बसले, आणि फुफूची वाटी उघडिली. शब्द नाही. एक घास घेतला, डोळे मिटले, गिळला. मग दुसरा. क्वेसीने हात पुढे केला. मास्टरांनी वाटी मांडीआड सरकवून तिसरा घेतला, आणि मग एकेक बोट सावकाश चाटले, आणि पोटावरून हात फिरवून गोड हसले. जे पोट अनाथास बुडवीत होते, तेच आता साक्ष देवोन सांगू लागले की, त्या लेकराचे अन्न गेले कोठे.

आधी चौकातून गुरगुर निघाली. मग आबा एसेल उठली, टोपलीतला मोठा मासा उचलोन मंचावर चढली आणि इकावचे ताटात टाकोन म्हणाली, 'खा रे माझ्या राजा! आणि तू गं सटवे, तुझ्या घशात काटा अडको!' मग सुलतानढवा जाहला. केंकी आली, अंडी आली, तळली केळी आली. ताट भरले, परात आणिली, परात भरली. आणि दुसरे अंगाने साले, नारळाच्या शेंड्या, संत्र्याच्या फोडी यांचा मारा ऐसा जाहला की मास्टरांचा डोईचा रुमाल उडाला, आणि एक निळी रबरी चप्पल सणसणत येवोन थेट कपाळी बसली. मास्टर हटले नाहीत. वाटी निपटून मगच उठले.

नानांनी छत्राखालोन स्वतःची केंकी पाठविली, आणि वकिलामार्फत फर्मान फिरविले की, चौक पूर्ववत सोनेरी तारलीचा. वकिलांनी यात पदरचे काही मिसळिले नाही. मध लावावयास जागाच नव्हती. कर्णेवाला त्याच सांजेस पेट्या लादून कूच करता जाहला. येणेप्रमाणे अनाथ क्वेसीचे गादीवरून मास्टर एबो बेंत्सिल पदच्युत होवोन, इकाव ओटू शिंपी त्या जागी कायम जाहला, आणि ताट भरले, आणि चौक राहिला, आणि मोहीम फत्ते पावली, हे गावाचे साक्षीने दाखल केले असे.

मंचावरचे दिवे उतरविले तेव्हां एबो आमचे बाकापाशी आला. कपाळावर लिंबाएवढे टेंगूळ, केसांत साल, हाती ती चप्पल. खाली बघोन म्हणाला, 'ताई, खरं सांग. कसा झालो?'

आम्ही त्यास नीट न्याहाळिले आणि निकाल दिला:

'तू बोटं चाटलीस ना, एबो, तेव्हा तू माझा भाऊ आहेस हे मी साफ विसरले. ती चप्पल माझी आहे. दे इकडे, आणि चल घरी जेवायला.'