दोनशे चाहत्यांचं एकमत

साहेबांनी मला दोनशे जणांना विचारायला सांगितलं होतं. मी एकीलाच विचारलं, आणि तीही माझी बायको. (ती एकटी दोनशेंना भारी आहे, असा माझा अंदाज. अंदाज चुकला नाही, माझ्यावरच शेकला.)

ओसाकातल्या आमच्या कंपनीने 'धुक्याचं बेट' हा गाजलेला व्हिडिओ गेम अकरा वर्षं गुंडाळून ठेवला होता. यंदाच्या सोहळ्यात त्याचं काय दाखवावं, हे जुन्या चाहत्यांना विचारून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं. बायको, म्हणजे आमची चिझुरू, शाळेपासून या बेटावर जीव टाकणारी. सकाळी ती माझा डबा भरत असताना मी सहज विचारलं, "बेटाचं नवीन काय आलं तर आवडेल गं?"

"काहीही चालेल."

हेच वाक्य ती जेवणाबद्दल बोलते तेव्हा त्यात किती धोका असतो, हे मला बारा वर्षांच्या संसाराने शिकवलं आहे. पण कचेरीत जाताना मी अक्कल घरी ठेवतो. अहवालात लिहिलं, 'दोनशेच्या दोनशे चाहत्यांना काहीही चालेल.' तोकुनागासाहेब खूश झाले.

काय दाखवणार ते मला शुक्रवारी कळलं. घरी सांगायची परवानगी नव्हती (कंपनीचा नियम) आणि हिंमतही नव्हती (माझा स्वभाव). रविवारी दुपारी सोहळा टीव्हीवर बघायला चिझुरूने घरी सहा मैत्रिणी जमवल्या. प्रत्येकीने गेममधल्या नावाड्याकडे असतो तसा कागदी कंदील आणला होता. सोहळा चाळीस मिनिटांचा होता, आणि चाळीसही मिनिटं मी उशी पोटाशी धरून बसलो होतो. शेवटी पडद्यावर धुकं पसरलं, ती जुनी धून सुरू झाली. चिझुरूने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धुकं हळूहळू विरलं. ते धुकं नव्हतंच, वाफ होती. खाली सूपचा वाडगा होता. 'धुक्याचं बेट' आता झटपट सूपच्या पाकिटात मिळणार होतं.

मैत्रिणींनी कंदील मिटले. चिझुरूने माझा हात सोडला आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी मागितलं होतं हो?"

मी चहा टाकायला उठलो.

आठवडाभर लोकांनी कंपनीला धू धू धुतलं. शनिवारी तोकुनागासाहेब दोन मोठे खोके घेऊन दारात उभे. त्यांनी चिझुरूपुढे कमरेत वाकून माफी मागितली.

"कुरामोचीने ज्या दोनशे चाहत्यांना विचारलं, त्यांना आमच्यातर्फे सूपचं एकेक पाकीट," साहेब म्हणाले.

"दोनशे?" चिझुरूने माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हीही जुन्या चाहत्या. आता तरी खरं सांगा, काय हवंय तुम्हाला?"

चिझुरू गोड हसली. "काहीही चालेल."

पुन्हा वाकू लागलेले साहेब अर्ध्यातच थबकले. "हे वाक्य मी वाचलंय," ते सावकाश म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कुरामोची, माझंही लग्न झालंय. निदान मला तरी विचारायचंस."

नोकरी राहिली. आता मी खरोखरच दोनशे जणांना फोन करतो, आणि एकालाही काहीही चालत नाही. ते दोन खोके मात्र आमच्याच स्वयंपाकघरात आहेत. रोज संध्याकाळी चिझुरू मायेने विचारते, "आज काय खाणार?" आणि मी काही बोलायच्या आत पाणी उकळायला ठेवते.