बोनकोडेकाकांची हरकत

आमचे धर्मानाना मोबाईलवरची गोष्ट उभं राहून वाचतात. बसून वाचलं तर नीट भांडता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'खाडीपलीकडची सून' या मालिकेचा नवा भाग आला की ते ओटीवरच्या खुर्चीतून उठतात, लुंगीची गाठ घट्ट करतात आणि मोबाईल हातभर लांब धरून खड्या आवाजात वाचायला लागतात. कुठेतरी मध्येच ठेच लागल्यासारखे थांबतात आणि म्हणतात, "हे मना पटलेलं नाय." तिसऱ्या मजल्यावर मला ते ऐकू येतं. मी चपला घालून खाली उतरतो, कारण पुढचं काम माझं असतं.

नाना मूळचे बोनकोड्याचे. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भात पिकायचं. तळमजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण राहतात. तिला सगळा गाव बाय म्हणतो. मुलगा आणि सून करंजाड्याला असतात. नानांच्या अंगठ्याखाली मोबाईलची तीन अक्षरं एकदम दाबली जातात, म्हणून कथेवरची प्रतिक्रिया ते तोंडी सांगतात आणि मी टाइप करतो. बोलून टाइप करायची सोय मी त्यांना दाखवली होती. मोबाईल म्हणेल तसं बोलायला नाना तयार नव्हते. माझी नोकरी लेखातपासणीची. इतरांच्या चुका काढण्यात जन्म गेला, पण दुसऱ्याचा राग शुद्धलेखनासह उतरवून घेण्याची वेळ याआधी आली नव्हती.

"लिवा भाऊ," नाना सुरू करतात. आणि शेवटी, अर्ज केल्यासारखं, "कळावे, धर्मा, बोनकोडे."

सायली नावाची कोणी लेखिका ही मालिका लिहिते. एका भागात तिने नायिकेला भर पावसात मिठागरावर मीठ गोळा करायला लावलं होतं. त्या दिवशी नाना अर्धा तास उभे होते. "पावसात मीठ? ही पोर मीठ काढतंय का सरबत? मिठागराचं काम पावसाच्या आदी संपतं. कुनाला तरी विचारायचं व्हतं. कळावे." दुसऱ्या एका भागात सासूने ऐन आषाढात अंगणात बोंबील वाळत घातले. "बोंबलांना छत्री दिलीस का पोरी?" असं नानांनी लिहायला लावलं. मी 'छत्री' काढून टाकावी असं सुचवलं. नाना म्हणाले, तुमी फक्त लिवा.

मला नानांचा राग पटायचा, कारण बाकीच्या वाचकांचा मला स्वतःलाच फार राग येतो. मी सगळ्या प्रतिक्रिया वाचतो, सवयच आहे. निम्म्याहून जास्त लोकांना फक्त पुढचा भाग हवा असतो. उरलेल्यांतल्या बऱ्याच जणांना आत्ताचा भाग लहान वाटतो. काही जण नुसते बदाम टाकतात. एक बाई प्रत्येक भागाखाली घरगुती मसाल्याची जाहिरात करते, नायिकेचा सासरा वारला त्या भागाखालीसुद्धा. लिहिलेलं वाचून त्याबद्दल बोलणारा माणूस एकच, आणि लोक त्यालाच हसतात. "आले बोनकोडेकाका", "काका, चिल", "काका, बीपीची गोळी घेतली का?" घेतली होती. मीच आठवण केली होती.

खरा भडका उडाला तो हळदीच्या भागावरून.

नायिकेच्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. सायलीने हळद झोकात लिहिली होती. पिवळे पडदे, फुलांचे दागिने, डीजे, नवऱ्या मुलीचा नाच. नाना शेवटपर्यंत वाचत गेले, मग मजकुरात परत वर गेले, परत खाली आले. माझा अंदाज होता की मटणाचा उल्लेख राहिला म्हणून चिडतील.

"धवलारीन कुटं हाय?" ते म्हणाले.

आगरी लग्नात मांडवापासून प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते गाणारी जाणती बाई म्हणजे धवलारीण. ती गायल्याशिवाय पूर्वी हळद लागत नसे. हे मला नानांनीच त्या दिवशी, ओरडून, समजावलं. मी टाइप केलं: धवलारीण नसताना लागलेली हळद आम्हाला मान्य नाही. कळावे.

उत्तरं भराभर आली. "काका, कथा आहे ती." "डीजेच मस्त." आणि एका मुलाने लिहिलं, "आता कोण बोलावतं त्या म्हाताऱ्यांना?"

हे वाक्य मी मोठ्याने वाचायला नको होतं. नानांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "लिवा भाऊ. लग्न थांबवा. धवलारीन येईपरेंत पोरगी पाटावरून उठनार नाय." मी म्हटलं, नाना, हळद लागून भाग येऊनही गेला. ते म्हणाले, धुऊन काढा आनि परत लावा.

मी तसं लिहिलं. पुढच्या रविवारी, दुपारी, मालिका सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच लेखिकेचं उत्तर आलं. मी खाली जाऊन वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं की काका, तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. माहेरी आम्ही घाटावरचे, मला यातलं काही ठाऊक नाही. हळदीचा भाग मी शनिवारपर्यंत नव्याने लिहिते. धवलारीण हळदीला काय गाते, ते सांगाल का?

मला वाटलं, नाना जिंकले. पण नाना खुर्चीत बसले. मालिकेचा विषय चालू असताना मी त्यांना बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मना येत नाय," ते म्हणाले.

"मग कोणाला येतं?"

त्यांनी नुसती मान आतल्या खोलीकडे वळवली. आत बाय टीव्ही लावून सुपात जवळा, म्हणजे बारीक सुकट, निवडत होती.

"आपल्या बायला? मग विचारा की."

नाना लुंगीची कड चोळू लागले. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. पंचक्रोशीत बायशिवाय हळद लागत नसे. नानांच्या मुलाच्या हळदीला तीच गात होती. पाहुण्यांची पोरं कंटाळली होती. डीजेवाल्याने लांबून नानांकडे बघून खूण केली, चालू करू का. "मी हात वर केला, भाऊ. ती अर्ध्यात व्हती." बाय चिडली नाही. पदर सावरून उठली आणि जेवणाच्या पंक्तीचं बघायला लागली. आजही नानांना वेळेवर जेवण देते, सगळं बोलते. त्या दिवसापासून गायली मात्र नाही. कोणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणते.

इतके महिने मी कोणावरचा राग टाइप करत होतो, ते मला तेव्हा कळलं.

नाना उठेनात, म्हणून मीच आत गेलो. बायच्या समोर बसून सायलीचं उत्तर सावकाश वाचलं. नाना दारात येऊन उभे राहिले. बायचे हात जवळ्यात तसेच थांबले.

"पोरगी कुनाची?" तिने विचारलं.

मी सांगितलं, गोष्टीतली आहे.

"ते कळलं. माय हाय का तिला?"

"आहे."

"हलद कवा हाय?"

"शनिवारी."

बायने सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि भावाकडे न बघता म्हणाली, "धर्मा, आदी तो टीवी बंद कर."

नानांनी टीव्ही बंद केला. मग जरा थांबून पंखाही बंद केला, आणि त्या मे महिन्याच्या दुपारी भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसले.