श्रीमंत ढालोजीराव कासव यांच्या संगोपनाची हकीकत

श्री. समुद्रमंथनी ज्याने मंदार पर्वत पाठीवर तोलून धरला, देवदैत्यांची ओढाताण सोसली आणि हूं की चूं केले नाही, त्या कूर्मरूपी भगवंतास दंडवत असो. आणि ज्यांचे अन्न खाऊन हे चार शब्द लिहावयाची ताकद आली त्या धन्यास मुजरा असो. शके सतराशे, विलंबीनाम संवत्सरी, मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत जे वर्तमान घडले ते जसे घडले तसे लिहितो. पदरचे तिखटमीठ घालीत नाही, घातलेच तर चवीपुरते.

राज्य कोणते ते पुसू नये. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस डोंगर आणि मध्ये श्रीमंत हैबतराव महाराज, इतके समजले म्हणजे पुरे. महाराज कैसे? तर मिशी भरघोस, आवाज नगाऱ्याचा, खाकरले तरी पागेतील घोडी कान टवकारीत. एकच खोड होती, ती ही की कोणाचे बोलणे ऐकावयाची सवय नव्हती. समोरचा बोलू लागला म्हणजे महाराज नजर दूर कोठे तरी लावीत आणि मधून मधून "हूं" म्हणत, आणि त्या "हूं"वर सगळे राज्य चालत असे. एकदा एक धनगर हरवलेली शेळी मागावयास आला, आणि तेच समयी कारभारी त्रिंबकपंत एका गावची पाटीलकी कोणास द्यावी ऐसे पुसत होते. महाराज "हूं" म्हणाले आणि धनगर पाटील होऊन घरी गेला. शेळी मिळाली नाही ती नाहीच, आणि तो पाटील अद्याप तिच्यासाठी हळहळतो.

महाराजांस एकच कन्या, सगुणाआक्का, वय वर्षे नऊ. स्वभाव बापावर गेला होता, म्हणजे एकदा म्हटले ते म्हटले. मागे एकदा तिने आपला पोपट बापाकडे संभाळावयास दिला, आणि महाराजांनी पिंजऱ्याचे दार उघडे टाकिले, आणि पोपट उडाला, तेव्हां आक्का दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत बापाशी एक अक्षर बोलली नाही. तिळगूळ सुद्धा कारभाऱ्याच्या हाती पाठविला. महाराजांनी पूर्वी किल्ले गमाविले तेव्हां जेवण सोडले नव्हते, ते त्या दिवशी सोडले, आणि तो तिळगूळ देव्हाऱ्यात ठेविला तो अजून तेथेच आहे. ऐशा ह्या आक्काजवळ एक कासवाचे पिल्लू होते. दक्षिणेच्या एका मोत्यांच्या सौदागराने नजर केलेले, जमिनीवरचे, पाठीवर पिवळ्या चांदण्या, आकाराने तळहातावरच्या मोदकाएवढे. आक्का त्यास ढालू म्हणत असे. परंतु राजकन्येच्या जीवास एकेरी हाक मारील कोण? म्हणून दरबारात त्याचे नाव श्रीमंत ढालोजीराव ऐसे चालू जाहले.

त्या साली राणीसाहेबांच्या बंधूंचे, अमृतरावांचे लग्न निघाले, आणि राणीसाहेब आक्कास घेऊन माहेरी निघाल्या. महाराज जाणार नव्हते. कां की महाराजांच्या स्वतःच्या लग्नात सासुरवाडीने मानाचा म्हणून जो घोडा दिला तो वरातीतच बसला आणि उठेना, त्या रुसव्यात महाराजांनी "तुमच्या वेशीत पाऊल टाकणार नाही" ऐशी शपथ वाहिली होती आणि ती आजवर पाळली होती. वाट घाटाची, मेण्याचे हेलकावे पिल्लास सोसणार नाहीत, म्हणून आक्का ढालोजीरावांस ओंजळीत घेऊन भर दरबारात आली आणि बापाच्या मांडीवर ठेवून त्याची निगा कैशी राखावी ते सांगू लागली. महाराज त्या वेळेस पुढल्या मोहिमेचा नकाशा पाहत होते. आक्का सांगत होती, महाराज "हूं" म्हणत होते, आक्का बोटांवर मोजून पुन्हा सांगत होती, महाराज पुन्हा "हूं" म्हणत होते. शेवटी ती म्हणाली, "ऐकलंत ना आबासाहेब?"

"हूं."

"त्याला काही झालं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही."

एवढे मात्र महाराजांनी ऐकिले. नकाशावरून मान वर केली, तो आक्का मेण्यात बसून गेली होती आणि मांडीवरून ढालोजीराव महाराजांकडे टक लावून पाहत होते. मग महाराजांनी हळूच पुसले, "पंत, आक्का काय काय सांगून गेली?" त्रिंबकपंत म्हणाले, "महाराज, घरच्या माणसांशी बोलणे चालले असता दरबाऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून मनात रामनाम घ्यावे, हा आपलाच दस्तूर. आम्ही सगळे भिंतीकडे होतो." आणि ते खरेच होते.

मग जे ठाऊक नाही ते मानाने भरून काढावे ऐशी मसलत जाहली. ढालोजीरावांस मखमलीची गादी दिली, चवरी दिली, आणि राजघराण्यातील जीवावर ऊन पडू नये म्हणून सोन्याच्या दांड्याचे छत्र दिले, ते अष्टौप्रहर डोक्यावर धरिले. खिडक्यांस वाळ्याचे पडदे लाविले. चांदीच्या वाटीत केशरी दूध ठेविले, दुसऱ्या वाटीत साजूक तुपातला शिरा ठेविला. ढालोजीरावांनी दुधात पाय बुडविला, शिऱ्यावर चढून पलीकडे उतरले, आणि खाल्ले काही नाही. मग राजपुरोहित म्हणाले, "कासव म्हणजे जळातला जीव, त्यास जळ पाहिजे." म्हणून मोठे घंगाळ काठोकाठ भरिले आणि मंत्र म्हणून त्यांस आत सोडिले, तो ते दगडासारखे थेट तळास गेले. पुरोहित म्हणाले, "पाहा, कैसे ध्यानस्थ जाहले!" परंतु महाराजांस बुडता माणूस ओळखू येत असे. त्यांनी जरीच्या अंगरख्यासकट खांद्यापर्यंत हात घातला आणि त्यांस वर काढिले, आणि तळहातावर उलटे धरून नाकातले पाणी निथळविले, आणि ते एकदा शिंकले तेव्हां महाराजांच्या जिवात जीव आला. पुरोहितांनी मग त्यांस देवळात, नंदीपुढील दगडी कासवाशेजारी बसवावे ऐसेही सुचविले, त्यावर महाराजांनी नुसते पाहिले. पुरोहित चार दिवस दरबारी आले नाहीत.

पौष उजाडला, थंडी पडली, आणि ढालोजीराव डोळे उघडीनात. मान आत, पाय आत. वैद्यराजांनी नाडी पाहावयास बोट पुढे केले, परंतु नाडी कोठे धरावी ते न कळून शेपटी धरिली आणि "वात आहे" ऐसे सांगून सुवर्णभस्म दिले. महाराज पिल्लास मांडीवर घेऊन न्यायनिवाडे करू लागले. एके दिवशी त्यांनी पाठीवर अंगठा फिरविला, तो जी पाठ ढालीसारखी घट्ट असावयाची ती भिजल्या चामड्यासारखी दबली. महाराजांनी अंगठा काढून घेतला आणि फिर्यादी बोलतच राहिला, परंतु त्या दिवशी "हूं" सुद्धा आले नाही. दरबार उठल्यावर त्रिंबकपंत जवळ येऊन कुजबुजले, "महाराज, सौदागराकडून ऐसेच दुसरे मागवू. कासवासारखे कासव, कोण ओळखणार?"

"आक्का ओळखेल."

"मग आक्कासाहेबांसच विचारून पाठवावे. जासूद परवा पोहोचेल."

"जासूद पाठवून विचारू, की मी ऐकलं नव्हतं म्हणून?" महाराज ओरडले, आणि पागेतील घोड्यांनी कान टवकारले. मग आवाज उतरला. "पंत, पोरीनं दोनदा सांगितलं हो. बोटांवर मोजून सांगितलं. मी नकाशा पाहत होतो, आणि ती मोहीम काही निघालीच नाही." ऐसे म्हणून मिशी चावली आणि म्हणाले, "जासुदाकडून नको. चूक माझी, तोंडही माझंच पाहिजे. घोडा आणा." आणि ढालोजीरावांस आपल्या शालीत गुंडाळून पंतांच्या मांडीवर ठेविले आणि "मी येईपर्यंत उठू नका" ऐसे बजाविले, आणि पंत उठले नाहीत. जेवण तेथेच जाहले, निद्रा तेथेच जाहली, बाकीचे लिहीत नाही.

महाराज निघाले म्हणजे एकटे निघावयाचे हे त्या राज्यात कोणास सुचलेच नाही. पाठीमागे हुजुरातीचे चारशे स्वार निघाले, निशाण निघाले, शिंग वाजले. तिकडे सासुरवाडीस माघातला मुहूर्त, अमृतरावांस हळद लागत होती. बुरुजावरील पहारेकऱ्याने धूळ पाहिली, निशाण ओळखिले आणि "घोड्याचा राग आज काढतात!" ऐसे म्हणून बोंब ठोकिली. दरवाजे बंद जाहले, तोफा ठासल्या, आणि नवरदेव तोंडाला हळद, कानामागे हळद, हाती नागवी तलवार ऐसे तटावर येऊन उभे राहिले. महाराज वेशीशी आले आणि शपथ आठवून वेशीबाहेरच थांबले आणि वर पाहून म्हणाले, "अमृतराव, तोफा राहू द्या. मला आक्काशी बोलायचं आहे."

आक्कास कडेवर घेऊन राणीसाहेब तटावर आल्या. आक्काने खाली पाहिले आणि तिचे तोंड एवढेसे जाहले. "ढालू गेला?"

"नाही, आहे. पण डोळे उघडत नाही. आक्का, तू जाताना काय सांगितलं होतंस?"

"म्हणजे तेव्हा ऐकलंच नव्हतं तुम्ही?"

खाली चारशे स्वार, वर दोन बुरुजांवर गोलंदाज, मध्ये पिवळे नवरदेव, सगळे महाराजांकडे पाहू लागले. महाराजांनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती आणि कोणापुढे मान खाली घातली नव्हती. ते म्हणाले, "नाही ऐकलं, बाळ. चुकलं माझं. आता ऐकतो."

आक्काने नाक पुसले आणि सांगू लागली. "त्याला रोज सकाळचं ऊन द्या."

"हूं."

"हूं नको! म्हणून दाखवा."

"रोज सकाळचं ऊन," महाराज म्हणाले. आणि महाराजांनी जे ललकारले ते पाठीमागून ललकारावयाचे ही स्वारांची जुनी सवय, म्हणून चारशे कंठांतून "रोज सकाळचं ऊन!" ऐसा गजर उठला. गोलंदाजांनी बत्त्या पेटविल्या, त्या अमृतरावांनी विझविल्या.

"दूध नको."

"दूध नको!" फौज गर्जली.

"शेवग्याचा पाला आणि जास्वंदीची फुलं. हात लावून बघून कोमट पाणी, परातीत, त्याच्या हनुवटीच्या खाली राहील एवढंच. कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा, त्यानं पाठ टणक होते. आणि ऊन नकोसं झालं तर शिरायला एक फुटकं मडकं, उपडं घालून."

"उपडं मडकं!" ऐसे म्हणताना काही जुन्या शिलेदारांस भरून आले, कां ते त्यांसही कळले नाही. मग महाराजांनी सगळे एकवार आरंभापासून म्हणून दाखविले, मध्ये समुद्रफेस विसरले, आक्काने तो आठवून दिला, आणि महाराज तेथूनच फिरले. लग्नाचे लाडू तटावरून टोपलीत सोडले ते स्वारांनी खाल्ले.

घरी येताच महाराजांनी छत्र मिटावयास सांगितले, तो सगळे मानकरी पुढे आले. म्हणाले, "महाराज, डोईवरचे छत्र काढणे म्हणजे पदच्युत करणे. आक्कासाहेबांच्या जिवाचा ऐसा अपमान कैसा करावा?" महाराज म्हणाले, "मग माझंही मिटा." आणि ढालोजीरावांस घेऊन चौकात, फरसबंदीवर, उन्हात जाऊन बसले. आता धनी उन्हात आणि चाकर सावलीत हे कोठल्याच दस्तुरात बसत नव्हते, म्हणून सगळा दरबार सकाळचा उन्हात भरू लागला. पगड्यांतून घाम ओघळू लागला, पुरोहितांचे टक्कल लाल जाहले, फिर्यादी दोन वाक्यांत फिर्याद सांगू लागले आणि खोटे बोलावयास कोणास वेळ राहिला नाही. वैद्यराजांनी आपल्याच पेटीतून समुद्रफेस काढिला, तो ते आजवर लोकांच्या वाहत्या कानांत घालीत होते. महाराज परातीतल्या पाण्यात कोपर घालून ते कोमट आहे की नाही पाहत, जैसे बाळंतिणीची आई पाहते, आणि शेवग्याचा पाला स्वतः खुडीत. परंतु ढालोजीराव काही डोळे उघडीनात. एक दिवस गेला, दुसरा गेला, मानकरी एकमेकांकडे पाहू लागले, महाराज कोणाकडे पाहत नसत. मग एके सकाळी महाराज जास्वंदीचे फूल हाती घेऊन नुसते बसले होते, तो ते फूल हलले. पाहतात तो ढालोजीरावांनी मान लांब काढून पाकळीचा लचका तोडिला होता आणि तोंडाला लाल रंग फासून ते चावीत होते. महाराजांनी अंगरख्याच्या बाहीने डोळे पुसले. पंतांनी भिंतीकडे तोंड केले, आणि मग सगळ्या दरबाराने केले.

फाल्गुनात, शिमगा जाहल्यावर, आक्का परतली. त्या दिवशी थोरल्या बादशाहीचा वकील तहाचे बोलणे घेऊन आला होता आणि उन्हात कपाळ पुशीत उभा होता. आक्का मेण्यातून उतरून धावत आली, ढालोजीरावांस उचलिले, पाठीवर टिचकी मारली, ती टणक वाजली. ते मडक्याएवढे जाहले नव्हते, परंतु मोदकाचे डाळिंब जाहले होते. आक्का हसली. मग तिने मान वर करून बापाकडे पाहिले आणि पाहतच राहिली. महाराजांचे तोंड कढईच्या बुडासारखे काळे जाहले होते, नाकाची साल निघाली होती, फक्त पगडीखालची पट्टी गोरी राहिली होती.

"किती काळे झालात हो, आबासाहेब!"

"त्याला ऊन लागतं ना," महाराज म्हणाले.

आक्का बापाच्या मांडीवर चढून बसली आणि ती गोरी पट्टी बोटाने चाचपू लागली. थोड्या वेळाने मामाच्या लग्नाची हकीकत सांगू लागली, तीही अगदी आरंभापासून, म्हणजे मेण्याचा दांडा कोठे कुरकुरत होता तेथपासून. वकिलाने खाकरून पाहिले. त्रिंबकपंतांनी त्यास खुणेने भिंत दाखविली. आक्का श्वास घ्यावयास थांबली, तो महाराज पुढे वाकून म्हणाले,

"मग?"

येणेप्रमाणे त्या साली मोहीम जाहली नाही, मुलूख वाढला नाही, आणि तह संध्याकाळपर्यंत खोळंबला. पुढे दरबारात "हूं" ऐकू आले नाही. धनगर पाटलास बोलावून त्याची हकीकत पुन्हा ऐकिली आणि त्यास एक शेळी दिली, ती घेऊन तो पाटीलकी तेथेच टाकून गेला. बहुत काय लिहिणे? ढालोजीराव सुखरूप आहेत, आणि हे लिहिते समयी उपड्या मडक्यात निजले आहेत.