जागा धरलेली आहे

मुलुंड पूर्वेचे श्री. विद्याधर खांबेटे यांना अठरा वर्षांच्या संसारात पत्नीच्या बरोबरीने चालायला सवड मिळाली नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. यात बेबनाव वगैरे काही नव्हता. कारण निव्वळ प्रशासकीय होतं. बस असो, नाटक असो की नात्यातलं लग्न, कोणीतरी पुढे जाऊन जागा धरावीच लागते. ते काम खांबेट्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. ते दहा पावलं पुढे धावत, आणि मागून शुभाताई पिशव्या सांभाळत येत तेव्हा जागा तयार असे. नवऱ्याचा चेहरा त्यांना घरी दिसे, घराबाहेर पाठ.

जागा धरण्यात खांबेट्यांचा हात धरणारा अख्ख्या उपनगरांत नव्हता. पंगतीत कोणाचं जेवण मठ्ठ्यावर आलंय हे ते लांबूनच ओळखत आणि त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहत. त्या बिचाऱ्याला शेवटचा घास गिळवत नसे. सुटलेल्या बसच्या खिडकीतून त्यांनी फेकलेला रुमाल नेमका सीटवर पडे. एकदा रुमाल पडला की मालकी सिद्ध. लोक सातबाराच्या उताऱ्यावर वाद घालतील, रुमालावर घालत नाहीत.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत डोंगर चढण्याची साथ आली. दुसऱ्या मजल्यावर जायचं तर जिन्यात दोनदा टेकणाऱ्यांनीही हंटर शूज घेतले. खांबेट्यांच्या कॉलनीत निसर्गप्रेमी पदभ्रमण मंडळ स्थापन झालं आणि त्याने करवंदमाळ या थंड हवेच्या ठिकाणी 'सुलभ पदभ्रमण सहल, रेल्वेने' जाहीर केली. छोट्या डोंगरगाडीने निम्मा घाट चढायचा, आंबेखिंडीच्या थांब्यावर उतरायचं, सावलीच्या पायवाटेने रमतगमत माथ्यावर जायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने खाली यायचं, असा कार्यक्रम होता.

"वाटेत कुठे खुर्च्या-बाकडी नाहीत ना हो?" शुभाताईंनी मंडळाचे सचिव शरच्चंद्र टिपणीस यांना विचारलं.

"छे हो वहिनी! नुसती झाडं."

"मग आमची दोघांची नावं घाला."

त्या रात्री जेवताना त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एवढी एक वाट माझ्या शेजारून चाला. मग जन्मभर पुढे धावत सुटा, मी चकार शब्द काढणार नाही." खांबेट्यांनी शब्द दिला. तो देताना त्यांना खरोखरच गलबलून आलं, याचीही नोंद घेतली पाहिजे.

सहलीच्या दिवशी डोंगरगाडी फलाटाला लागायच्या आतच खांबेटे तिच्यात होते. रुमाल, नॅपकिन, थर्मास, टिपणिसांची टोपी, मिळेल ते फेकून त्यांनी मंडळाच्या समस्त सभासदांसाठी खिडकीकडच्या जागा काबीज केल्या. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. शुभाताईंनी वाजवल्या नाहीत, पण त्यांच्या हातात पिशव्या होत्या.

बाकीच्या प्रवाशांना उभं राहावं लागलं. खांबेट्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून दशरथ परब उभे होते. गिरणी कायमची बंद पडल्यावर ते विक्रोळीच्या एका कारखान्यात चिकटले होते आणि बायकोला, रुक्मिणीबाईंना, थंड हवा दाखवायला निघाले होते. गाडी हलताच परबांनी रीतसर विचारलं, "सायबानू, खंय उतरतलास?"

"आंबेखिंड," खांबेटे बोलून गेले.

परबांनी लगेच मागच्याला बजावलं, "आंबेखिंडीपासून ही सीट माजी." मागच्याने परबांना उतरण्याचं ठिकाण विचारलं आणि त्यांच्यामागे आपला हक्क सांगितला. त्याच्यामागे तिसरा लागला. आपल्या डोळ्यांदेखत आपल्या जागेचे वारस ठरताहेत हे पाहून खांबेटे सीटवर आणखी घट्ट रेलून बसले. खिडकीबाहेर दरी होती म्हणतात. त्यांचं लक्ष परबांकडे होतं.

आंबेखिंड आली. टिपणिसांनी शिट्टी वाजवली. कोणी उठलं नाही. टिपणीसही उठले नाहीत. शिट्टी त्यांनी बसूनच वाजवली होती.

"तिकीट माथ्यापर्यंतचं आहे," खांबेटे गंभीरपणे म्हणाले. "हातची जागा सोडून मध्येच उतरणं म्हणजे धडधडीत नुकसान."

मुद्दा बिनतोड होता. पदभ्रमण खालून वर करण्याऐवजी वरून खाली करावं, म्हणजे ते अधिक सुलभ होईल, असा ठराव जागच्या जागी मंजूर झाला.

"अहो, वाट मागे राहिली," शुभाताई म्हणाल्या.

"अगं, वाट काय पळून जातेय? जागा मात्र जाते."

माथ्यावर पोहोचल्यावर नवीनच अडचण दिसली. हाच डबा संध्याकाळी परत जायचा होता आणि फलाटावर माणसं हातात रुमाल घेऊन तयारच होती. आता उतरलं आणि उतारावर कोणाचे पाय दुखले, तर आंबेखिंडीत गाडी पकडावी लागणार. तेव्हा बसायला कोण देणार? दूरदृष्टीने विचार करून मंडळ बसून राहिलं. हे कधीतरी उठतीलच, म्हणून उभे असलेलेही उतरले नाहीत. हे सगळेच कधीतरी उतरतील, म्हणून फलाटावरचेही आत घुसले. खिडकीतून पाण्याची टाकी आणि मुतारीची मागची भिंत दिसत होती. इथून करवंदमाळचं दर्शन उत्तम घडतं, असं सर्वानुमते ठरलं. डबे उघडले गेले, आणि टिपणिसांनी सभासदांचा पदभ्रमण करतानाचा फोटो काढला. सगळे बसलेले असल्यामुळे कोणीही हललं नाही.

दुपारी गार्ड आला. "इंजिन बिघडलंय. गाडी रद्द. उतरा आणि पायवाटेने खाली जा. उतारच आहे, आरामात जाल."

डब्यात अर्थपूर्ण हसू पसरलं. "असंच सांगतात," खांबेटे म्हणाले. "आपण उतरलो की सोडतात."

"अहो साहेब, ते बघा, इंजिन काढून नेताहेत!"

"नेऊ द्या. जागा इंजिनात नाही, डब्यात आहे."

इंजिन गेलं. डबा ढकलत नेऊन बाजूच्या रुळावर लावला. तिथे घाणेरीची झुडपं थेट खिडकीत येत होती. वारा पडला होता. पाय आखडले, पाणी संपलं, पण एकही माणूस उठला नाही. परबांनी ओणवून हळूच विचारलं, "सायबानू, आता खंय उतरतलास?"

तेव्हा शुभाताई उठल्या.

त्यांच्या रिकाम्या जागेकडे चारी बाजूंनी हात सरसावले, पण खांबेट्यांचा रुमाल सर्वांच्या आधी पडला.

"कुठे निघालीस?"

"चालायला. येताय?"

खांबेट्यांना जायचं होतं. यात काडीची शंका नको. शुभाताई दारात उभ्या होत्या, उन्हाने त्यांचे डोळे बारीक झाले होते आणि त्या वाट बघत होत्या. खांबेटे अर्धे उठलेसुद्धा. इतक्यात त्यांच्या सीटच्या पाठीवर परबांचे दोन्ही हात आले.

खांबेटे खाली बसले. "तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी धरून ठेवतो."

"वैनी, रवा जरा, मीय येतंय," म्हणत रुक्मिणीबाई गर्दीतून वाट काढत उतरल्या. त्यांना धरायला किंवा सोडायला जागाच नव्हती. परब मात्र हलले नाहीत. आता त्यांचा नंबर अगदी जवळ आला होता. दोघी बायका बोलत बोलत झाडीत शिरल्या. अठरा वर्षांत प्रथमच खांबेट्यांनी आपल्या बायकोची पाठ पाहिली. ती ओळखीची वाटेना.

त्यानंतर बराच वेळ डब्यात अनेकांनी त्या रुमालाकडे बोट दाखवून विचारलं. प्रत्येकाला खांबेट्यांनी एकच उत्तर दिलं, "माणूस येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने दुसरं इंजिन आणून तो डबा माणसांसकट खाली नेला. खांबेटे घरी पोहोचले तेव्हा त्यांचे पाय सरळ होत नव्हते, पण मान ताठ होती. शुभाताई आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या. त्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत चहा पीत बसल्या होत्या आणि त्यांच्या चपलांना अजून लाल माती होती.

"तुझी जागा शेवटपर्यंत सोडली नाही मी," खांबेटे म्हणाले. "रात्रभर कोणाला टेकू दिलं नाही."

"खरंच?" शुभाताई म्हणाल्या. "वाट छान होती हो. दोघं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी रुंद."

खांबेटे शेजारच्या खुर्चीवर बसायला वाकले. खुर्चीत घडी केलेला रुमाल होता.

"तिथे नका बसू. जागा धरलेली आहे."

"कोणासाठी?"

"माझ्याबरोबर चालणार होते ना, त्यांच्यासाठी. अजून यायचेत ते."

खांबेटे आयुष्यभर कायद्याने वागलेले गृहस्थ. रुमालावर वाद घालायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. ते उभे राहिले.

मंडळाच्या वार्षिक अहवालात ही सहल अत्यंत यशस्वी झाल्याचं म्हटलं आहे. सर्वांना बसायला मिळालं. ज्या वाचकांना खांबेट्यांचं हसू आलं असेल त्यांनी कृपया उठून, घरातल्या कोणाला तरी बरोबर घेऊन, कोपऱ्यापर्यंत चालून यावं. गोष्ट काही पळून जात नाही. नाही उठवत ना? मग बसा, बसा. फक्त तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून केव्हाचं कोणीतरी उभं आहे, त्याला तेवढं सांगून टाका, तुम्ही कुठे उतरणार ते.