नावं सुरू झाल्यावरचं गाणं

आमच्या जानेफळात भर मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळून फिरणारा एकच इसम आहे आणि नेमका तो माझा शेजारी आहे. विलास. कृषी केंद्र चालवतो. गिऱ्हाइकानं लांबून हाक मारली तर ओ देत नाही, जवळ ये म्हणून हातानं खुणावतो. लग्नात मठ्ठा पुढे केला की हात आडवा. "गया जपा लागते भाऊ," गळ्याला हात लावून एवढंच. सकाळी गच्चीवर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या इतक्या मोठ्यानं करतो की माझी बायको मलाच चार शब्द सुनावते.

पुण्यात शिकायला होता तेव्हा हा एका रॉक बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. एकदा माय माहेरी गेली असताना इथं घरी सराव केला, तर गोठ्यातल्या म्हशी दावं ओढायला लागल्या. पुढे बँड फुटला, बाप गेला, दुकान याच्यावर आलं. पण त्याआधी एका सिनेमासाठी यानं एकट्याच्या आवाजात गाणं रेकॉर्ड केलं होतं. पोरगा पुण्यात नेमकं काय करतो, हे मायला कधी कळलंच नव्हतं. तिनं ते गाणं एकदा ऐकावं, बस, एवढ्यासाठी त्याचा जीव टांगलेला.

सिनेमा मेहकरला लागला. विलासनं जीप सांगितली, मायला नवं लुगडं घेतलं, मलाही सोबत नेलं. गाणं कुठं आहे विचारलं तर म्हणाला, अगदी शेवटी, पडद्यावर नावं येतात तेव्हा. आमच्याकडे नावं पाहायला थांबतो कोण? सिनेमा संपला की दिवे लागतात, दारं उघडतात आणि मशीन बंद. तसंच झालं. विलास वर मशीनच्या खोलीत धावला. ऑपरेटर म्हणाला, पुढच्या शोची पब्लिक खोळंबली आहे, नावांचं काय घेऊन बसलात.

तो खाली आला तेव्हा माय जीपमध्ये बसून डोळे पुसत होती.

"बाबू, ते मधातलं गानं तुयंच होतं ना? म्या आवाज वयखला."

मधलं गाणं दुसऱ्याच गायकाचं. मऊ, अंगाईसारखं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विलास म्हणाला, "हाव माय. माहंच."

तेव्हापासून दिवेलागणीला माय त्याच गाण्याची फर्माईश करते आणि हा दुकान नोकरावर टाकून गायला येतो. त्या गायकाच्या सगळ्या हरकती यानं मोबाइलवर ऐकून ऐकून घोटल्या. सुरुवातीला भयंकर गायचा. आता खोटं कशाला बोलू, बरं गातो.

परवा मला राहवलं नाही. "तुयं खरं गानं मोबाइलवर हाये ना बे? आयकव ना तिले एकडाव."

तो बियाण्याच्या पिशव्या रचत होता. हात थांबले नाहीत.

"तिच्यापाशी माहं एकच गानं हाये भाऊ," म्हणाला. "ते काऊन काढून घेऊ?"