सतरा वेळा उघडलेली छत्री

शिस्त माझ्या रक्तातच आहे! ऑफिसात माझं कामच मुळी दुसऱ्यांच्या नोंदवह्या तपासण्याचं. खोटी नोंद असली की मला चार टेबलं लांबून वास येतो! त्यामुळे लेकीनं घरात कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि बायकोनं अट घातली, "पिल्लांच्या शिस्तीच्या क्लासात पास झालं तर राहील, नाहीतर आणलं तिथं परत!" तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "नुसतं पास? पहिला नंबर आणतो!"

"बाबा, नक्की ना?" लेकीचे डोळे भरून आले होते. तिची शाळेची परीक्षा जवळ आलेली, म्हणून पिल्लाचा सराव माझ्याकडे.

क्लासच्या बाई गळ्यात कायम शिट्टी अडकवून फिरायच्या, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना शिट्टीबाई म्हणायचो. त्यांनी एक वही दिली. पिल्लाला रोज छत्री, हेल्मेट, काठीवाला माणूस असं काहीतरी दाखवायचं, लगेच खाऊ द्यायचा आणि वहीत लिहायचं. म्हणजे मोठेपणी ते कशाला बुजत नाही. अहो, इतकं सोपं काम की उद्या करू, उद्या करू म्हणता म्हणता आठ आठवडे उलटले! सांगायला लाज वाटते, पण मी सोफ्यावर, पिल्लू माझ्या पोटावर आणि दोघंही घोरतोय, एवढाच आमचा सराव. वही कोरी करकरीत!

पिल्लाच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी मी एका बैठकीत सगळी वही भरली. कुणाला संशय नको म्हणून दोन पेनं वापरली. एका पानावर तर मुद्दाम चहाचा डाग पाडला!

हॉलमध्ये दहा-बारा जण आपापली पिल्लं घेऊन बसले होते. शिट्टीबाईंनी माझी वही चाळली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! छत्री सतरा वेळा! बघा सगळ्यांनी, याला म्हणतात मेहनत!"

टाळ्या पडल्या. लेक अभिमानानं नुसती फुलून गेली. मीही नम्रपणे मान लववली हो!

"चला, मग छत्रीपासूनच सुरुवात करू." आणि फट्‍कन छत्री उघडली.

पिल्लानं आधी माझ्या बुटावर सू केली. मग केकाटत माझ्या पायांभोवती तीन गिरक्या घेतल्या, पट्टा आवळला आणि मी धाडकन आडवा! हातातला पट्टा सुटला आणि पिल्लू थेट टेबलाखाली.

"आज पोट बिघडलंय त्याचं," मी पडल्या पडल्याच म्हणालो.

"असेल. हेल्मेट अकरा वेळा बघितलंय ना?" बाईंनी हेल्मेट चढवलं. टेबलाखालून असा आकांत उठला की बाकीची पिल्लंही गळा काढून रडायला लागली!

"झोप झाली नाही हो त्याची!"

बाईंनी शांतपणे पान उलटलं. "सोळा तारीख. 'घरी छत्रीखाली शांत बसलं, खाऊ खाल्ला.' तुम्हीच लिहिलंय?"

"म्हणजे काय! चांगलं आठवतंय मला!"

"सोळा ते अठरा तुम्ही गावाला गेला होतात. पिल्लू माझ्याकडे मुक्कामाला होतं."

आता पिल्लू परत जाणार, हे लेकीला कळलं. ती चिडली असती तर परवडलं असतं. तिनं फक्त हळूच विचारलं, "बाबा, एकदाही नाही?"

"नाही गं." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

लेक उघड्या छत्रीपाशी जाऊन फरशीवर बसली आणि तिनं हलक्या आवाजात हाक मारली. बराच वेळ काहीच नाही. मग टेबलाखालून एक नाक आलं. पिल्लू थरथरत, पोट घासत, छत्रीला वळसा घालून तिच्या मांडीत शिरलं.

"घाबरलं, तरी हाकेला आलं," बाई म्हणाल्या. "पिल्लू पास."

"आणि... वही?" मी चाचरत विचारलं.

"ती घरी दाखवा."

बायकोनं वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि शिट्टीबाईंना फोन लावला. दोघींचं बराच वेळ काहीतरी ठरत होतं. मला कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी नवी बॅच सुरू झाली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो होतो, मांडीवर नवीकोरी वही. शेजारी बसलेल्या आजोबांनी आपलं पिल्लू थोपटत चौकशी केली, "तुमचं पिल्लू दिसत नाही कुठं?"

"घरी आहे," मी खाली मान घालून म्हणालो. "ते पास झालं."